बोट बटणावरच होतं

३ तारीख, शुक्रवार

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर पहिलीतल्या मुलासारखं येतंय, पण उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये आहे, इलाज नाही. वही ताईने दिली. म्हणाली, "तोंडाने बोलत नाहीस, तर लिही. वही माझी, पेन माझं, भीती तुझी."

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. निवृत्त झाली, पण आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असाच आहे. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरचं खोकं काखोटीला मारून आमच्याकडे राहायला आली. बायको दिवसभर वाचनालयात कामाला असते आणि मला एकटं ठेवायची दोघींचीही तयारी नाही.

घडलं ते एकदा लिहून टाकतो. दहा दिवसांपूर्वी, मंगळवारी दुपारी तीनच्या सुमाराला, माझी बस पाण्याच्या टाकीचा चढ संपवून डावीकडे वळताना उलटली. आत एकवीस माणसं होती. बहुतेकांना खरचटलं, तिघांची हाडं मोडली, आणि एक शिंपीणबाई अजून शुद्धीवर आलेल्या नाहीत. बावीस वर्षं गाडी चालवली, कधी कुत्र्याला धक्का लागला नव्हता.

जबाब इस्पितळातच दिला. चढ संपता संपता ब्रेक दाबला, लागला नाही. पाय पार खाली गेला आणि काहीच झालं नाही, एवढं नक्की आठवतं. त्याच्या आधीचं आठवत नाही. डॉक्टर म्हणाले, डोक्याला मार बसला की असं होतं.

फोन वाजला की शिंपीणबाई गेल्या असं सांगायलाच कुणीतरी फोन करतंय असं वाटतं. काल फोन उशीखाली ठेवला. तर तो तिथे वाजला, कुणी तोंड दाबून धरलेल्या माणसासारखा. त्यापेक्षा बाहेर बरा.

४ तारीख, शनिवार

ताई कॉम्प्युटरवर काय करते ते आज कळलं. मला वाटायचं भजनं-बिजनं ऐकत असेल. बाई चक्क अंतराळात यानं सोडते! खेळ आहे. आपणच यान बनवायचं, आपणच उडवायचं, आपणच पाडायचं. चार वर्षं खेळतेय आणि घरात कुणाला पत्ता नाही.

"ह्या वयात?" मी विचारलं.

"मग कुठल्या वयात? शाळेत असताना वेळ होता का मला?"

तिची एक अडचण झालीय. खेळातली एक छोटी अंतराळवीर, ताई तिला चिमी म्हणते, एका तांबड्या ग्रहावर खड्ड्यात अडकून पडलीय. तिच्या यानातलं इंधन संपलं. तिला आणायला ताईने दुसरं यान पाठवलं, ते चाळीस किलोमीटर लांब उतरलं.

"म्हणजे स्टॉप सोडून पुढे उतरवलंस की."

"म्हणून तर ड्रायव्हर हवाय," ती बोलून गेली.

थोड्या वेळाने म्हणाली, "चालवू नकोस. नुसती गाडी बनवून दे, ती मी तिसऱ्या यानातून तिकडे उतरवते, चिमीला उचलून आणायला. चाकांतलं मला काही कळत नाही, माझ्या सगळ्या गाड्या तोंडावर आपटतात. तुला कळतं."

बघतो म्हटलं. दिवसभर फोनकडे बघत बसण्यापेक्षा ते बरं.

६ तारीख, सोमवार

गाडी बनवायला तिथे एक शेड आहे, आपल्या डेपोसारखीच, फक्त चकचकीत. सांगाडा घ्यायचा, त्यावर बॅटऱ्या, बसायची जागा, आणि चाकं लावायची. डाव्या हाताने बटणं दाबायची, उजव्याची बोटं प्लास्टरमधून बाहेर आहेत त्यांनी माऊस. जमतं.

पहिली गाडी मी सवयीने बसच्या घाटाची केली. उंच, ड्रायव्हर वर बसलेला, रस्ता लांबवर दिसावा म्हणून. यानतळाच्या मैदानावर पहिल्याच वळणाला ती आडवी झाली. आवाज किती, तर वाटी पडल्याएवढा. पण मी न्हाणीघरात गेलो आणि सकाळचं सगळं बाहेर काढलं.

परत आलो तोवर ताईने गाडी पुन्हा शेडमध्ये नेऊन उभी केली होती. "खेळात हे एक बरं असतं. मागे जाता येतं," म्हणाली आणि लगेच जीभ चावली.

दुसरी गाडी बसकी केली. बॅटऱ्या पोटाखाली, चाकं बाहेर फाकलेली. ताईने नाव ठेवलं खेकडा. खेकडा वळतो झकास, पण पुढच्या चाकांचे ब्रेक जोरात लावले तर कोलांटी खातो. पुढचे ब्रेक कमी केले, मागचे ठेवले. तेव्हा नीट थांबला. ताईने टाळ्या वाजवल्या. तासभर मला काहीही आठवलं नाही. तासाभराने आठवलं.

७ तारीख, मंगळवार

फोन. राँग नंबर. गॅसवाला आहे का म्हणे. दहा मिनिटं फोन हातातच धरून बसलो.

सकाळी डोकं जड. ही म्हणते, "अहो, झोपेत तुमचा श्वास थांबतो. मी मोजत पडते. मग एकदम घरघर करून सुरू होतो." वर्षभर हेच ऐकतोय. घोरता असं सरळ म्हणावं ना. डोकं जड होतं ते हिच्या कोपरामुळे, सारखी ढोसत असते.

९ तारीख, गुरुवार

आज पाना आला. आमच्या डेपोचा फिटर. खिशात कायम पाना असतो म्हणून सगळे पानाच म्हणतात, खरं नाव पगारपत्रकावरच असेल. एकोणीस वर्षांची दोस्ती. माझी गाडी दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

खुर्चीच्या काठावर बसला, टेकला नाही. चहा निवून गेला. ताई आत गेल्यावर हळूच म्हणाला, "अपघाताच्या आदल्या दिवशी तुझ्या गाडीचं ब्रेकचं काम मीच केलं होतं."

"माहीत आहे."

"सगळं नीट केलं होतं रे. पण आता खात्रीने सांगता येत नाही. डाव्या चाकाच्या पाइपाचा नट... आवळला असं वाटतं. मग वाटतं, नेमकी त्याच वेळी मला कुणी हाक मारली होती. माझ्याकडून राहिला असेल का रे?"

गाडीचं पुढचं सगळं चेपलंय, पाइप तुटलेत, तपासणाऱ्यांना काही सांगता येत नाहीये. "होतं असं कधीकधी," एवढंच म्हणालो.

तो उठला तेव्हा पाहिलं, खिसा रिकामा होता. पाना आणलाच नव्हता.

इथे खोटं लिहिण्यात अर्थ नाही, म्हणून लिहितो. तो गेल्यावर मला बरं वाटलं. त्याचा चेहरा बघून वाईट वाटायला हवं होतं. पण छातीवरचा दगड कुणीतरी अर्धा उचलून घेतल्यासारखं झालं.

१० तारीख, शुक्रवार

युनियनचे वकील येऊन गेले. वकील हे त्यांचं टोपणनाव, कायदा शिकलेले नाहीत, पण बोलतात तसे. खात्याची चौकशी २१ तारखेला. म्हणाले, "जबाब दिलाय तोच द्यायचा. एक शब्द इकडे नाही, एक शब्द तिकडे नाही. ब्रेक लागला नाही. संपलं."

"आणि पानाचं?"

"त्याचं तो बघेल. तुमच्यावर पोलिसांचाही डोळा आहे, विसरू नका. त्या बाईंचं काही बरंवाईट झालं तर तुरुंग आहे."

तुरुंग हा शब्द त्यांनी बिस्किट बुडवता बुडवता उच्चारला. ते गेल्यावर मी दाराची कडी दोनदा तपासली. कोण येणार होतं कुणास ठाऊक.

११ तारीख, शनिवार

गाडी क्रमांक पाच. तांबड्या ग्रहावर वजन तिसऱ्या हिश्श्याएवढंच भरतं. मला वाटलं, मग सोपं आहे, हलकी गाडी लगेच थांबेल. ताईने खेळात तेवढंच वजन लावून दिलं, तर उलटंच झालं. ताई फळ्यासमोर उभं राहिल्यासारखी सांगायला लागली, "वजन कमी झालं म्हणजे चाकांची पकड कमी झाली. पण धावत्या गाडीचा रेटा तेवढाच राहतो. तो कुठेही जा, सोबत येतो." म्हणून तिथे हळू जायचं, आणि लांबूनच थांबायची तयारी करायची.

सपाट मैदानावर अर्धा तास चालवून बघायची होती. नुसतं बटण दाबून धरायचं, कंटाळवाणं काम. मध्येच जरा डोळा लागला असावा, गाडी दगडावर जाऊन चाक तुटलं. ताईने विचारलं, "असं दिवसा बऱ्याचदा होतं का तुला?"

"प्लास्टरमुळे रात्री झोप होत नाही," मी म्हटलं.

"आणि प्लास्टरच्या आधी?"

काहीतरी विचारत राहायची सवयच आहे तिला. शाळेची.

१३ तारीख, सोमवार

काय झालं ते क्रमाने लिहितो.

गाडी क्रमांक सात तयार झाली. बसकी, सहा चाकांची, मागे चिमीला बसायला जागा. यानतळाच्या पश्चिमेला एक लांब चढ आहे, वर गेल्यावर डावीकडे वळावं लागतं, नाहीतर पलीकडे उतार तुटलेला आहे. ताई म्हणाली, ह्या चढावर घे, तिथे टिकली तर कुठेही टिकेल. जेवण झालेलं, दुपारची वेळ. ताई मागे पलंगावर बसून चष्मा पुसत होती. मी बटण दाबलं. गाडी गुणगुणत चढायला लागली.

मग एकदम धडाका. पडद्यावर गाडी उलटी पडलेली, सहाही चाकं हवेत गरगर फिरतायत.

मी ओरडलो, "ब्रेक लागला नाही!"

ताई मागून म्हणाली, "ब्रेक तू दाबलाच नाहीस."

"दाबला! मला कळत नाही का? दाबला आणि लागला नाही!"

"तुझ्या हाताकडे बघ."

मी बघितलं. बोट पुढे जायच्या बटणावरच होतं. अजून दाबलेलं. म्हणून चाकं फिरत होती. उचलावं म्हटलं तर बोट पटकन उचलेना.

"झोपला होतास," ताई म्हणाली. "पन्नास सेकंद. मान पडली नाही, हात हलला नाही. समोरून कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, हा रस्त्याकडे बघतोय." तिच्या हातात मनगटातलं घड्याळ होतं, काढून धरलेलं. तिला कशालाही घड्याळ लावायची खोड आहे.

मला झोपल्याचं काही आठवत नाही. चढ आठवतो, आणि मग धडाका. मधलं काही नव्हतंच. आणि ब्रेक दाबल्याचं मात्र शपथेवर सांगितलं असतं.

दोन तांबे पाणी प्यालो.

१४ तारीख, मंगळवार

ताई भाजी आणायला गेली तेव्हा गाडी पुन्हा चढावर नेली. अर्ध्यात बटण सोडलं. ब्रेक नाही, काही नाही. गाडी आपली आपण मंद झाली, थांबली, आणि मागे यायला लागली. अकरा वेळा केलं. अकराही वेळा तेच.

बस काही वेगळी असते का? नव्या पोरांना शिकवताना मीच सांगायचो, चढावर ब्रेकचं कामच काय, पाय काढा, गाडी थांबते. टाकीच्या चढावर ब्रेक गेला असता तरी नुसता पाय उचलला असता तर गाडी वळणाला चालत्या माणसाच्या वेगाने पोचली असती. ती जोरात पोचली, म्हणजे पाय उचललेला नव्हता.

पाय पार खाली गेला होता, हे मला आठवतं. कुठल्या पेडलवर होता?

नाही. खेळ आहे हा. खेळावरून काही ठरत नाही. प्लास्टर, औषधं, रात्रीची अपुरी झोप, त्यामुळे काल झालं असेल.

१५ तारीख, बुधवार

कुणाला काही सांगायचं नाही. ताईही विषय काढत नाही. आज कॉम्प्युटर लावलाच नाही.

१७ तारीख, शुक्रवार

दोन दिवस डोकं एकाच जागी फिरतंय. मागे वळून बघतो तर काय काय सापडतं. गेल्या वर्षी सिग्नलला मागचे हॉर्न वाजवत होते आणि मला वाटलं लोकांना घाई फार झालीय. पावसाळ्याआधी एक स्टॉप चुकला, तेव्हा प्रवाशांवरच खेकसलो. डोळ्यांत पाणी मारायला प्रत्येक फेरीला बाटली भरून घ्यायचो आणि त्याला उन्हाळा म्हणायचो.

पण कुणी बघितलेलं नाही. विनाकंडक्टरची गाडी, समोर रस्ता मोकळा, मागचे सगळे आपापल्या फोनमध्ये. मी बोललो नाही तर जगात कुणाला कळणार नाही. काल तर असंही मनात आलं की शिंपीणबाई उठल्याच नाहीत तर... पुढचं वाक्य लिहीत नाही. पण आलं होतं मनात. आपण असे आहोत हे मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी पानाचा फोन. आवाज ओळखू येईना. म्हणाला, "मी मंगळवारी लिहून देतोय. नट माझ्याकडून राहिला असणार."

"अरे पण तुला आठवतंय का तसं?"

"आता आठवतंय. रोज रात्री आठवतं, डोळ्यांसमोर सैल नट दिसतो. लिहून दिलं की निदान सुटेन तरी."

"घाई करू नकोस," मी म्हणालो आणि फोन ठेवला. ठेवला म्हणजे पळालो.

न घडलेलं त्याला आठवायला लागलंय. मला आठवतं तसंच.

१८ तारीख, शनिवार

हिला सांगितलं. कपड्यांच्या घड्या घालत होती. माझी गणवेशाची सदरा-पँट हातात होती. मी म्हणालो, "ब्रेक चांगले होते. मला झोप लागली होती."

घडी तशीच हातात धरून ती खाली बसली. मला वाटलं ओरडेल, आणि ओरडली असती तर बरं झालं असतं.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? वर्षभर बोलतेय, डॉक्टरला दाखवा. तुम्ही म्हणालात, लायसन काढून घेतील. म्हणून मी गप्प बसले. तुम्ही ड्यूटीवर गेलात की घड्याळ बघत बसायचे. पुस्तकं चुकीच्या कपाटात लावायचे." मग ती रडायला लागली. "वाचनालयातनं डेपोला एक फोन करायचा होता मला. एक फोन! नाही केला. घरातलं माणूस, कसा करायचा?"

लायसनचं मी म्हणालो होतो. आता आठवलं. हे मात्र खरंच घडलेलं आहे.

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने काहीच विचारलं नाही, तिला सगळं आधीच कळल्यासारखं. कसं कळलं देव जाणे.

१९ तारीख, रविवार

चिमीला आणलं. मी बनवलेली गाडी ताईने तांबड्या ग्रहावर उतरवली आणि चालवली. "तू घे," म्हणाली, मी नाही म्हटलं. मी शेजारी बसून फक्त सांगत होतो, हळू, दगड आहे, आता सोड, आता सोड. खड्ड्याच्या काठावर गाडी तिरकी झाली आणि दोन चाकं उचलली गेली, तेव्हा मी डोळे गच्च मिटले. उघडले तेव्हा सहाही चाकं जमिनीवर होती. चिमी मागच्या जागेवर चढून बसली. ही मागे उभी राहून बघत होती, म्हणाली, "अगं बाई, बसली की!"

तिघंही हसलो. आणि मग मंगळवार आठवला.

२१ तारीख, मंगळवार

झालं.

खोली लांबट, भिंतीला ओल, टेबलामागे तीन अधिकारी. मधल्या बाई साहेब होत्या. एका बाजूच्या बाकावर पाना, हातात घडी घातलेला कागद. वकील माझ्या शेजारी. ही आणि ताई बाहेर.

बाई साहेबांनी माझा जबाब वाचून दाखवला आणि विचारलं, "हेच म्हणणं आहे ना?"

वकिलांनी टेबलाखालून पाय दाबला. मनात म्हटलं, हो म्हण. एकच अक्षर आहे.

"नाही," मी म्हणालो. "ब्रेक चांगले होते. मला झोप लागली होती."

वकिलांनी पाय काढून घेतला. बाई साहेबांनी चष्मा काढला. "झोप लागली होती हे तुम्हाला कशावरून कळलं? तुम्हाला तर ब्रेक दाबल्याचं आठवतं."

मग मला सगळं सांगावं लागलं. खेळ, खेकडा, चढ, बटण. उजवीकडचे साहेब हसले. "गाड्यांच्या खेळावरून?" बाई साहेब हसल्या नाहीत. त्यांनी टाकीच्या चढाचा नकाशा मागवला, अपघाताच्या जागेच्या मोजणीचे आकडे बघितले, आणि विचारलं, "चढावर पाय काढला तर गाडी किती अंतरात थांबते?" मी सांगितलं. त्यांनी ते आकड्यांशी ताडून बघितलं. मग कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "लिहा."

डाव्या हाताने लिहिलं. ह्या वहीमुळे सवय झाली होती. पाच ओळींना किती वेळ लागला कुणास ठाऊक, खोलीत फक्त पंख्याचा आवाज. एकदा मान वर केली तेव्हा पाना माझ्याकडे बघत होता. त्याने हातातल्या कागदाची अजून एक घडी घातली, मग अजून एक.

बाहेर जिन्यात त्याने मला गाठलं.

"मी तुझ्या घरी आलो होतो त्या दिवशी माहीत होतं तुला?"

"नाही. आईशप्पथ नाही. नंतर कळलं."

"कधी?"

"मागच्या सोमवारी."

"आणि शुक्रवारी मी फोन केला होता."

"हो."

"तरी बोलला नाहीस."

"भीती वाटत होती रे."

"मला वाटत नव्हती?" तो म्हणाला. जोरात नाही. हात पुढे करून तळवे मला दाखवले, ग्रीसचे डाग मुरलेले. "चार आठवडे मी हे हात धरून बसलोय. बायकोने वाढलेलं जेवण ह्या हातांनी खाववेना मला."

मी माफी मागितली. त्याने ऐकली की नाही माहीत नाही. जिना उतरून गेला. मागे वळला नाही.

२४ तारीख, शुक्रवार

लायसन जमा केलं. पोलिसांची केस होणार, वकिलांनी फोनवर सांगितलं आणि युनियनला ह्यात धरू नका असंही सांगितलं. डॉक्टरांनी झोपेची तपासणी लिहून दिलीय, अंगाला तारा लावून झोपायचं. म्हणाले, घसा झोपेत बंद होतो, मेंदू रात्रभर जागा राहतो, मग दिवसा कुठेही मिटतो. उपचार आहे. हिने माझ्याकडे बघितलं नाही, त्यांच्याकडे बघून मान हलवत राहिली.

आता झोपायचीच भीती वाटते. उशीला डोकं टेकलं की वाटतं, आता आपण नसणार, आणि नव्हतो हे उठल्यावर कळणारही नाही.

पानाला दोनदा फोन केला. उचलला नाही.

२७ तारीख, सोमवार

शिंपीणबाई शनिवारी शुद्धीवर आल्या. इस्पितळातून फोन आला तेव्हा मी आधी खाली बसलो आणि मग ऐकलं. दोन दिवस जाऊ की नको चाललं होतं. ताई म्हणाली, "त्यांना विचार. त्यांनी नको म्हटलं तर नको." विचारलं. त्यांच्या मुलीने निरोप दिला, या म्हणतेय.

ही सोबत आली, पण दारापर्यंतच. आत मी एकटा.

लहानखुरी बाई, डोक्याला पट्टी, एक पाय वर टांगलेला. माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या असतील. बोटं मात्र सारखी चालत होती, चादरीची किनार चाचपत, टीप बघितल्यासारखी. मी पाठ करून गेलो होतो. "मी त्या गाडीचा ड्रायव्हर. चूक माझी होती, मला झोप..."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. आवाज अगदी बारीक. "मी तुमच्या मागच्याच सीटवर होते. समोर तुमचा मोठा आरसा. त्यात तुमचे डोळे दिसत होते."

मी खाटेची दांडी धरली.

"चढ लागला तेव्हा ते मिटले. मला वाटलं, पापणी मिटली असेल. मग उघडेचनात. मी तोंड उघडलं, अहो, म्हणायला. आणि वर पाटी दिसली." त्या थांबल्या, दम लागला होता. "चालकाशी बोलू नये. लाल अक्षरांत. मी आपली गप्प बसले. म्हटलं, त्यांना सवय असेल. आपण कशाला मध्ये बोलायचं."



"शुद्ध आल्यापासून हेच डोक्यात आहे हो," त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं आणि पुसायला हात वर जात नव्हता. "एवढी एकवीस माणसं. मी नुसती हाक मारली असती, तर?"

मी टेबलावरचा रुमाल डाव्या हाताने उचलला. पुसू की नको कळेना. त्यांनीच मान माझ्या बाजूला वळवली, तेव्हा पुसलं.

"बाई, हाक मारणं तुमचं काम नव्हतं," मी म्हणालो.

"होतं," त्या म्हणाल्या. मग जरा वेळाने, "बसा. तुमचाही हात मोडलाय की."

मी बसलो. नर्स येऊन वेळ संपली म्हणेपर्यंत बसलो.